मुंगीच्या रेघा

रविवारी सकाळी फोन वाजला की रोलरकाका पटकन उठून उभे राहायचे आणि मग काहीतरी आठवल्यासारखे परत खाली बसायचे. फोन लेकीचा असायचा, पण पहिला अर्धा तास त्याच्यावर मालकी काकूंची. मायलेकींचं काय चालायचं ते काकांना बाहेरच्या खोलीत ऐकू यायचं. शेजारणीचे गुडघे, तिकडची थंडी, कामाच्या ठिकाणची कुणी एक कुचकट बाई, केस गळतात त्याला काय लावायचं. मध्येच दोघी खिदळायच्या. मग काकू म्हणायच्या, "थांब, बाबांकडे देते," आणि फोन काकांच्या हातात यायचा तेव्हा तो चांगला गरम झालेला असायचा.

"बाबा, चहा झाला?"

"झाला. तुझा?"

"आमच्याकडे अजून शनिवारची रात्र आहे, बाबा."

"हो, खरंच की. तब्येत?"

"छान. तुमची?"

"ठणठणीत."

यानंतर दोन्हीकडे शांतता पसरायची. काका त्या शांततेत बोलायला काही सापडतंय का म्हणून चाचपडायचे. हवेचं बोलून झालेलं असायचं, दुखण्याखुपण्याचं आईनं सांगून टाकलेलं असायचं. शेवटी पलीकडून अगदी हळू आवाजात यायचं, "ठेवू?" आणि काका म्हणायचे, "ठेव, बाळा."

फोन ठेवल्यावर तो दिवस त्यांना जड जायचा.

लेकीला घरात मुंगी म्हणत. लहानपणी ती कायम स्वतःपेक्षा मोठं काहीतरी उचलून चाललेली असायची, आणि ते बहुतेक वेळा पुस्तक असायचं. काका रस्ताबांधणीत रोलर चालवायचे. काम लांब असलं की आठ-आठ दिवस तंबूत मुक्काम. घरी येत तेव्हा मुंगी पुस्तकात डोकं घालून बसलेली असायची. मान वर करून गोड हसायची, आणि परत खाली. भांडण नाही, रुसवा नाही. फक्त तिच्या मनात जे चालू असायचं ते अक्षरांतून आलेलं होतं, आणि अक्षरांशी काकांची ओळखच नव्हती. तिथं त्यांचं घोडं अडायचं ते अडायचंच.

ओळख झाली ती नोकरी संपल्यावर. मुंगी परदेशी निघून गेली होती. काकू बालवाडीत मदतनीस होत्या, त्यामुळे त्यांना शिकवण्याची एकच रीत ठाऊक, ती म्हणजे लहान मुलांची. त्यांनी एक वही केली, त्यात रोज चार शब्द लिहिले, आणि काकांनी न अडखळता शब्द वाचला की त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून म्हणायच्या, "हा आता तुमचा." 'पाणी' काकांचं झालं. 'खिडकी' काकांची झाली. 'रस्ता' आला त्या दिवशी त्यांनी काकूंच्या हातातून पेन्सिल घेऊन रेघ स्वतःच मारली, जरा जाडच.

मग दुकानांच्या पाट्या, मग वर्तमानपत्राचे मथळे, मग आतला बारीक मजकूर. काका एक पान वाचायचे आणि तेच पान परत पहिल्यापासून वाचायचे. काकू चिडवायच्या, "काय हो, पाठ म्हणून दाखवायचंय का कुणाला?"

"एका फेरीत खडी बसत नाही," काका म्हणायचे. "वरून सपाट दिसते नुसती. गाडी गेली की उखडते."

तर एका रविवारी काकू फोनवर एकदम किंचाळल्या. मुंगी येणार होती. पुढच्या महिनाअखेर, आठवडाभरासाठी. चार वर्षांनी!

काकूंनी त्या क्षणापासून घर उपसायला घेतलं. काकांना मात्र वेगळीच धास्ती पडली. आठ दिवस लेक समोर बसणार, आणि आपण काय बोलणार? चहा झाला का? तब्येत कशी? फोन तरी ठेवून देता येतो. समोरच्या माणसाला काय करणार?

दुपारी काकू डुलकी काढत होत्या तेव्हा काका मुंगीच्या खोलीत गेले. कपाटाच्या खालच्या कप्प्यात तिची अभ्यासाची पुस्तकं होती, जाडजूड, आकृत्यांची. वरच्या कप्प्यात गोष्टींची. काकांनी वरची एकेक काढून धूळ पुसली आणि पातळ ते जाड अशी खिडकीच्या कठड्यावर ओळीनं लावली. तेवढ्यानंच त्यांना हुरूप आला. ती येईपर्यंत पहिली चार वाचायची. मग ती बसली की सहज म्हणायचं, अगं, ते तुझं अमुक पुस्तक वाचलं बरं का मी. ती चाट पडेल. मग ती बोलेल, आपण बोलू. उरलेली ती गेल्यावर वाचायची, म्हणजे दर रविवारची सोय झाली.

काकूंना सांगायचं नाही हे त्यांनी आधीच ठरवलं. काकूंच्या पोटात गोष्ट रविवारपर्यंत टिकली नसती.

पहिलं पुस्तक तीन बहिणींचं होतं. बाप घड्याळजी, तो मेल्यावर तिघी दुकान चालवतात आणि एकमेकींशी फक्त घड्याळांबद्दल बोलतात. काका रोज सकाळी अंघोळ उरकून खोलीत जायचे आणि बोट ओळीवर ठेवून सरकत राहायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांचं बोट एका ओळीखाली थबकलं. तिथं पेन्सिलीची रेघ होती. बारीक, सरळ, हलक्या हातानं मारलेली.

"घरात सगळी होती, पण तू कशी आहेस असं तिला विचारणारं कुणी नव्हतं."

काकांनी ओळ पुन्हा वाचली. मग पुस्तक मिटलं.

हा आता तुमचा. आईनं बापाला शिकवलं तेच तिनं लेकीलाही शिकवलं असणार, यात काकांना तिळमात्र शंका वाटली नाही. जे वाक्य आपलं झालं त्याच्याखाली रेघ. मुंगीनं हे वाक्य आपलं केलं होतं. इथंच बसून, याच खोलीत.

त्या दिवशी ते जेवले नीट नाहीत. काकूंनी विचारलं, "पोट बिघडलंय का?"

"नाही."

"मग भाजीला नावं तरी ठेवा. गप्प बसून खाल्लं की मला वाटतं मीठच विसरले."

पण दुसऱ्या दिवशी ते परत गेले. ओढच लागली होती. आता ते गोष्ट वाचत होते ती रेघांसाठी. दहा-बारा पानं कोरडी जायची आणि मग एक रेघ लागायची, आणि काकांना वाटायचं, मुंगी शेजारी येऊन बसली आणि कानात काही बोलून गेली. सगळंच दुःखाचं नव्हतं. दुसऱ्या पुस्तकात, वाळवंटात विहिरी खणणाऱ्या माणसाच्या गोष्टीत, "त्याला गाढव माणसांपेक्षा जास्त आवडे, कारण गाढव सल्ला देत नसे," याच्याखाली रेघ होती आणि कडेला उद्गारचिन्ह. काका एकटेच मोठ्यानं हसले. काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण आलंय?"

"कुणी नाही."

"मग हसताय कुणाशी?"

तिसरं पुस्तक टोप्या शिवणाऱ्या एका मुलीचं. ती समुद्र ओलांडून परक्या गावी जाते. यात तर रेघाच रेघा होत्या. "निघायचं मनात आलं, त्याच दिवशी ती निघून गेली होती, सामान मागाहून बांधलं." काका विचार करायला लागले, मुंगीच्या मनात ते कुठल्या दिवशी आलं असेल? आपण त्या दिवशी कुठल्या रस्त्यावर होतो? आणि पुढं एका ठिकाणी होतं, "खिडकीपाशी बसायला एक जागा, एवढंच तिला त्या घरात हवं होतं." याच्याखाली रेघ दोनदा मारलेली.

काकांनी मान वर करून खोली पाहिली. खिडकी होती. खिडकीपाशी तिचा पलंग नव्हता, खुर्ची नव्हती, काही नव्हतं. तिथं वर्षानुवर्षं काकूंचं शिवणयंत्र होतं.

संध्याकाळी ते मिस्तरीकडे गेले. मिस्तरी त्यांचा जुना सोबती. हा पुढं डांबर ओतत जायचा, काका मागून रोलर आणायचे. आता तो घरच्या घरी लाकूडकाम करून वेळ काढायचा.

"खिडकीखाली बसायला बाक करायचाय," काका म्हणाले. "रुंद हवा. पाय वर घेऊन बसता आलं पाहिजे."

"तुझे पाय वर येतात होय अजून?"

"माझ्यासाठी नाही रे. लेक येतेय."

"आठ दिवसांसाठी बाक?" मिस्तरीनं फळी उचलून डोळ्यांसमोर धरली, सरळ आहे का पाहिली. "हॉटेलात जाईल बघ ती, तुझी ठोकाठोक ऐकून. कडा गोल करायच्या का?"

"कर. आणि अगदी गुळगुळीत कर, कापड अडकता कामा नये."

"हुकूम, साहेब. रोलर फिरव वरून, होईल गुळगुळीत."

दोघांनी मिळून बाक केला. शिवणयंत्र पलीकडच्या भिंतीला गेलं तेव्हा काकूंनी कमरेवर हात ठेवले. "तिकडे उजेड कुठाय? मी काय अंदाजानं शिवू? आणि हे खूळ कुणाच्या डोक्यातलं?"

"मुंगीला खिडकीपाशी बसायला आवडतं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला ठाऊक आहे," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात असं काही होतं की काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

चौथं पुस्तक समुद्रपक्ष्यांवर होतं. गोष्ट नव्हतीच ती, तरी काकांनी सोडलं नाही. ठरवलं म्हणजे ठरवलं. शेवटाकडे, जिथं पक्ष्यांच्या परतीचं होतं तिथं, एकच रेघ सापडली. "काही पक्षी वाट विसरलेले नसतात, त्यांना फक्त उशीर होतो." काकांनी ते पान तिसऱ्यांदाही वाचलं. मग बाकावर बसून राहिले. आता बोलायला पुष्कळ होतं. इतकं साठलं होतं की ती दारातून आत येताक्षणी सुरुवात कुठून करायची हाच प्रश्न होता.

त्या रविवारी फोन आला. काकांनी कान दिला. आज खिदळणं नव्हतं. काकू नुसत्या "हं... हं..." करत होत्या. मग म्हणाल्या, "तुझ्या हातात थोडंच आहे ते," आणि फोन काकांच्या हातात देऊन सरळ स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा मोठा आवाज झाला.

"बाबा, माझी रजा रद्द केली हो त्यांनी. दोन माणसं कामावर नाहीत. आता एकदम उन्हाळ्यातच."

"बरं," काका म्हणाले.

"तुम्हाला राग आला?"

"नाही गं."

पलीकडून आता नेहमीचं 'ठेवू?' येणार हे काकांना कळलं, आणि ते येण्याआधी त्यांच्या तोंडून भसकन निघून गेलं, "मुंगे, तू इथं इतकी एकटी होतीस?"

"काय?"

"तू कशी आहेस असं विचारणारं कुणी नव्हतं तुला. मी वाचलंय. तू रेघ मारली आहेस त्याच्याखाली."

"कसली रेघ, बाबा?"

मग काकांनी सगळं सांगितलं. तोडकंमोडकं, मागचं पुढं. कठड्यावरची पुस्तकं, बहिणी, गाढव, खिडकी, बाक.

"बाबा," मुंगी म्हणाली, "त्या रेघा माझ्या नाहीत."

"तुझ्याच आहेत. पेन्सिलीच्या."

"ऐका ना. चौकातलं वाचनालय बंद झालं, आठवतं? त्यांनी पुस्तकं बाहेर ढीग करून ठेवली होती, ज्याला हवी त्यानं न्या म्हणून. मी दोन पिशव्या भरून आणली. रेघा तेव्हाच होत्या. मला तर पुस्तकात रेघ मारलेली खपत नाही, अंगावर काटा येतो." मग म्हणाली, "आणि खरं सांगू का? वरच्या कप्प्यातलं एकही पुस्तक मी वाचलेलं नाही. वाचणार होते. जायच्या आधी सगळी वाचून टाकायची असा बेत होता. मग परीक्षा आली, मग जायचंच ठरलं."

काका फोन कानाला लावूनच तिच्या खोलीत गेले आणि बाकावर बसले. महिनाभर जी मुलगी रोज सकाळी शेजारी येऊन बसत होती, ती उठून खोलीबाहेर गेली होती. कोण होती, कुठली होती, काहीच कळायला मार्ग नव्हता. कुणाची तरी लेक असणारच. तिला विचारलं असेल का कुणी, कशी आहेस म्हणून? आणि ज्या लेकीची ओळख झाली म्हणून ते हरखले होते, ती होती तिथंच, तितकीच लांब, फोनच्या पलीकडे.

"म्हणजे तुला खिडकीत बसायला आवडत नाही," ते म्हणाले.

"डोळ्यांवर ऊन येतं हो, बाबा."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "मी सांगत होते!" त्या कान लावून होत्या.

"बाबा, थांबा. तुम्ही चारही पुस्तकं वाचलीत? अख्खी?"

"प्रत्येक पान दोनदा."

"आई म्हणाली होती तुम्ही पेपर वाचता म्हणून. मला वाटलं, मथळे." तिचा आवाज बदलला होता. "वाचून दाखवा ना. त्या दुसऱ्या कुणाच्या रेघा. कुठलीही."

काकांनी चष्मा शोधला, तो कपाळावरच होता. पक्ष्यांचं पुस्तक जवळ होतं. फोन काकूंनी येऊन त्यांच्या कानाशी धरला, कारण एक हात पुस्तकाला आणि एक बोट ओळीला लागायचं. काकांनी वाचलं. एकेक शब्द, अर्धविराम आला तिथं थांबून. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"सर्दी झालीय का गं?" काकूंनी फोनकडे वाकून विचारलं.

"हो. सर्दी," मुंगी म्हणाली. "बाबा, त्या घड्याळवाल्या बहिणींचं पुढं काय झालं?"

काकांनी सांगायला सुरुवात केली. मधली बहीण कशी बोलायची थांबली, थोरलीनं दुकानातली सगळी घड्याळं एकदम बंद कशी केली, धाकटीला त्या शांततेची कशी भीती वाटली. "मग?" मुंगी विचारायची. "मग काय!" काका म्हणायचे, आणि मागचं सांगायचं राहिलं म्हणून परत मागे जायचे. काकूंचा हात अवघडला, त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. नंतर त्यांनी स्टूल ओढलं.

शेवटी मुंगी म्हणाली, "आता माझं ऐका. खालच्या कप्प्यात, आकृत्यांच्या पुस्तकांच्या मागे, एक जाड आहे. दोन भावांचं, नदीवरच्या होडीचं. ते मात्र मी वाचत होते. अर्धं झालं आणि निघायचा दिवस आला. सामानात मावलं नाही. जिथं सोडलं तिथं पानाचा कोपरा दुमडलाय."

"रेघ खपत नाही आणि पान दुमडतेस?"

"एकच दुमडलं हो!" ती हसली. "तुम्ही त्या कोपऱ्यापर्यंत या. पण तिथं थांबा. पुढचं मी आले की दोघं मिळून वाचू. तुम्ही वाचा, मी ऐकेन."

काकांनी ते पुस्तक त्याच दिवशी काढलं. चारशे पानांचं होतं. त्यात कुठंही पेन्सिल लागलेली नव्हती. काका आधी प्रत्येक पानाकडे संशयानं बघायचे, मग त्यांना सवय झाली. काही खूण नसताना वाचायचं म्हणजे मुंगी कुठं हसली, कुठं थांबली, ते रविवारी तिलाच विचारावं लागायचं. आणि ते विचारायचे. ती कधी सांगायची, कधी म्हणायची, "आठवत नाही हो, बाबा." कधी घाईत असायची, तेव्हा बोलणं नुसतं चहावरच संपायचं.

एकट्यानं वाचवेना म्हणून ते काकूंना वाचून दाखवायला लागले. काकू उजेडासाठी शिवणयंत्र परत खिडकीपाशी हवं म्हणत होत्या. ते जमेना तेव्हा शिवण घेऊन बाकावर येऊन बसायच्या.

दुमडलेला कोपरा आला तो एका सकाळी. नदीवर दाट धुकं पडलेलं. धाकटा भाऊ होडी घेऊन पैलतीराला गेलेला, आणि थोरला काठावर उभा राहून घंटा वाजवतोय, म्हणजे आवाजाच्या रोखानं त्याला परत येता येईल. हात भरून आलेत. वल्ह्याचा आवाज आल्यासारखा वाटतो, येत नाही. पुन्हा वाजवतो. पान तिथं संपत होतं.

काकांनी ते पान दुसऱ्यांदा वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"अहो, पुढं?" काकूंची सुई हवेत राहिली.

"पुढं नाही. इथंच थांबायचंय."

"तो येतो की नाही तेवढं तरी बघा!"

"ती आली की."

"उन्हाळ्याला अजून वेळ आहे! तोवर तो बिचारा घंटाच वाजवत बसणार?" काकूंनी मान पुढं काढली. "बरं, तुम्ही नका वाचू. मी एक पान नुसतं डोळ्याखालून घालते. कुणाला सांगणार नाही."

"तू? रविवारी पहिल्या वाक्यात सांगशील."

"शपथ घेते."

काकांनी पुस्तक उचलून मांडीखाली घेतलं, त्यावर नीट बसले आणि खिडकीतून रस्त्याकडे पाहू लागले. बाहेर अजून थंडीच होती.